पाऊण हमी

करार वाचायला घेतला तर त्यात खोट काढणं अवघड जातं. ४ ऑगस्ट १९४२ रोजी मेक्सिको आणि अमेरिका या दोन सरकारांमध्ये तो झाला. अमेरिकेतल्या शेतांवर कामाला येणाऱ्या मेक्सिकन मजुराला तासाला निदान ३० सेंट मिळावेत, आणि त्या भागातला चालू दर जास्त असेल तर तो मिळावा. येण्याजाण्याचा खर्च त्याच्या खिशातून जाऊ नये. राहायला जागा फुकट, आणि तीही स्थानिक मजुरांच्या जागेपेक्षा वाईट नको. त्याला अमेरिकी सैन्यात ओढता येणार नाही. वर्णावरून त्याला वेगळं वागवता येणार नाही. पाऊस लागला, पीक लांबलं, काम थांबलं, तरी कराराच्या मुदतीपैकी ७५ टक्के दिवसांच्या कामाची हमी. आणि हे सगळं स्पॅनिशमध्ये लिहून त्याच्या हातात द्यायचं.

त्या वेळच्या अमेरिकी शेतमजुराकडे यातलं काहीच नव्हतं. १९३५ चा कामगार संघटनांचा कायदा आणि १९३८ चा किमान वेतनाचा कायदा, दोन्हींनी शेतमजुरांना दाराबाहेर ठेवलं होतं. मिसिसिपीत कापूस वेचणारा काळा मजूर असो की ओक्लाहोमातून देशोधडीला लागून कॅलिफोर्नियात आलेला गोरा, त्याला किमान वेतनाचा कायदा लागू व्हायला १९६६ उजाडावं लागलं. म्हणजे कागदावर तरी पाहुणा मजूर घरच्या मजुरापेक्षा सुखी होता.

हा ब्रासेरो कार्यक्रम २२ वर्षं चालला. ब्रासेरो म्हणजे अंगमेहनतीचं काम करणारा. १९६४ च्या डिसेंबरअखेर तो बंद झाला तोवर सुमारे ४६ लाख करार झाले होते. एकच माणूस पाच-पाच, सात-सात हंगाम जायचा, त्यामुळे माणसं त्याच्या निम्म्याहून कमी धरायला हवीत. १९५६ या एका वर्षात सुमारे साडेचार लाख मजूर गेले. अमेरिकी कामगार खात्याच्या वतीनं शेवटच्या काळात या कार्यक्रमाचा कारभार पाहणारे ली विल्यम्स यांनी नंतर त्याला नाव दिलं ते कायदेशीर गुलामगिरीचं. टीकाकारानं असं म्हटलं असतं तर सोडून देता आलं असतं. इथे कारभारीच म्हणतो आहे.

एवढ्या नेटक्या करारातून हे कसं निघालं, याची कारणं बरीच सांगितली जातात. लबाड शेतमालक, लाचखाऊ अधिकारी, अडाणी मजूर. ती सगळी खरी आहेत आणि सगळी दुय्यम आहेत, असं मला वाटतं. करारात एक गोष्ट नव्हती. मालक पटला नाही तर दुसरा शोधायची मुभा. परवाना एका मालकाच्या किंवा एका संघाच्या नावावर, आणि ते काम सोडलं की परवाना संपला. बाकी सगळ्या कलमांचं काय होतं ते याच एका उणिवेवर ठरत गेलं.

मेक्सिको सरकार भोळं नव्हतं. १९३० च्या मंदीत अमेरिकेनं लाखो मेक्सिकनांना गाडीत घालून सीमेपार पाठवलं होतं. त्यांत अमेरिकेतच जन्मलेली, तिथली नागरिक असलेली मुलंही होती. ती जखम ताजी होती. म्हणून दहा वर्षांनी, जपानशी युद्ध पेटल्यावर, तरुण सैन्यात आणि जहाजाच्या गोद्यांत गेल्यावर आणि कॅलिफोर्नियातल्या जपानी वंशाच्या शेतकऱ्यांना छावण्यांत डांबल्यावर, अमेरिका हात मागायला आली तेव्हा मेक्सिकोनं सगळं लेखी मागितलं. सुरुवातीला तर कागदोपत्री मालक अमेरिकी सरकारच असावं, शेतकऱ्यानं सरकारकडून मजूर घ्यावा, अशी अट घालून घेतली. टेक्सासमध्ये मेक्सिकनांना हॉटेलात आणि न्हाव्याच्या दुकानात घेत नसत, म्हणून टेक्सासला काही वर्षं मजूर द्यायचंच नाकारलं. २९ सप्टेंबर १९४२ रोजी पहिली तुकडी कॅलिफोर्नियात स्टॉक्टनला उतरली, शुगरबीटच्या काढणीसाठी.

पण टेक्सासच्या शेतमालकांनी नदीच पाहिली. रिओ ग्रांदे ओलांडून विनाकागद येणारा माणूस त्यांना करारातल्या माणसापेक्षा स्वस्त पडे. १९४८ च्या ऑक्टोबरात मेक्सिकोनं मजुरीच्या दरावरून हात आखडला, तेव्हा एल पासोला अमेरिकी अधिकाऱ्यांनी सीमा सरळ उघडून दिली. काही हजार माणसं पाण्यातून आली, त्यांना अटक झाल्यासारखं केलं आणि तिथेच शेतमालकांच्या ताब्यात दिलं. १९५४ मध्ये हेच सरकार लष्करी जनरल नेमून विनाकागद मजुरांना धरून परत पाठवत होतं, आणि त्याच सुमारास करारावरच्या मजुरांची संख्या फुगत होती. एका दारानं हाकलायचं, दुसऱ्या दारानं सही घेऊन आत घ्यायचं. मेक्सिकोची घासाघीस करायची ताकद यात संपली.

गावातून शेतापर्यंतचा रस्ता शेकडो म्हाताऱ्यांनी नंतर सांगून ठेवला आहे. स्मिथसोनियन आणि काही विद्यापीठांनी मिळून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. बहुतेकांच्या सांगण्याचा क्रम एकच आहे. आधी गावच्या पालिकेच्या यादीत नाव लागायला हवं, आणि ते फुकट लागत नसे. मग कर्ज काढून भरती केंद्र गाठायचं. पहिल्यांदा मेक्सिको सिटीतलं एक स्टेडियम, पुढे इरापुआतो, मॉंतेरे, चिवावा, एम्पाल्मे. तिथे आठवडेच्या आठवडे उघड्यावर झोपायचं. मग टेबलामागचा माणूस हात पुढे करायला सांगे आणि तळवे चाचपून बघे. घट्टे नसतील तर माणूस शेतीतला नाही, परत जा. काही शहरी पोरं आधी दगड घासून तळहाताला घट्टे पाडून घेत.

एम्पाल्मे हे सोनोरा प्रांतातलं रेल्वेचं गाव. तिथे यादीत नाव लागण्याआधी आसपासच्या मेक्सिकन जमीनदारांच्या शेतात ठरावीक वजनाचा कापूस वेचून द्यावा लागे. तेवढा वेचला की चिठ्ठी, चिठ्ठी असली की यादी. अमेरिकेत मजुरी मिळावी म्हणून आधी घरच्या मालकाकडे राबायचं!

सोनोरा हे नाव आपल्या शेतकऱ्यांना अनोळखी नाही. साठच्या दशकात भारतात आलेला बुटका गहू ‘सोनोरा-६४’ याच प्रांताच्या नावाचा. याकी नदीच्या खोऱ्यात नॉर्मन बोरलॉग गव्हाचे वाण तयार करत होते, त्याच वर्षांत त्याच प्रांतात एम्पाल्मेच्या फलाटावर हजारो माणसं अमेरिकेच्या गाडीची वाट बघत होती. कालवे, खतं, कर्ज हे सगळं सोनोराच्या मोठ्या बागायतदारांकडे गेलं. मिचोआकान, ग्वानाह्वातो, हालिस्को, साकातेकास या मधल्या प्रांतांत क्रांतीनंतर जमीनवाटप झालं होतं खरं. तुकडा मिळाला, पण पाणी नाही आणि पतही नाही.

इथे वर्ध्याच्या एका माणसाची आठवण काढायलाच हवी. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांच्या हातून निसटत १९२४ मध्ये मेक्सिकोला पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्यावर त्यांनी मोठं काम केलं. पण त्याहून मला महत्त्वाच्या वाटतात त्या त्यांनी उभारलेल्या मुक्त कृषिशाळा. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याच्याच वावरात, त्याच्याच बियाण्यातून पीक वाढवायला शिकवायचं, हा त्यांचा हेतू. दिएगो रिवेरानं मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या भिंतीवर काढलेल्या चित्रात हा वऱ्हाड-विदर्भाकडचा माणूस बसलेला आहे, समोर भाकरी घेऊन. त्या शाळा पसरल्या असत्या तर मिचोआकानचा शेतकरी घरी राहिला असता का, कोण जाणे. त्या पसरल्या नाहीत, आणि गाड्या भरून जात राहिल्या.

सीमेपलीकडे पुन्हा रांग. १९५६ मध्ये लिओनार्ड नडेल या छायाचित्रकारानं टेक्सासमधल्या इदाल्गोच्या केंद्रावर काढलेला एक फोटो आता सर्वत्र छापला जातो. कंबरेपर्यंत उघडे तरुण ओळीनं उभे आहेत आणि तोंडाला फडकं बांधलेला एक कर्मचारी त्यांच्या चेहऱ्यावर पांढरी पावडर मारतो आहे. ती डीडीटी. आपल्याकडेही हिवताप निर्मूलनाच्या मोहिमेत घरोघर डीडीटी मारली गेली, पण ती भिंतींवर. या माणसांच्या तोंडावर, काखेत, कपड्यांच्या गाठोड्यावर मारत. मग क्ष-किरण, रक्त, आणि शेवटी एका मोठ्या आवारात शेतमालकांची माणसं येऊन निवड करत. टेक्सासमध्ये सोकोरोला रिओ विस्ता नावाचं असं एक केंद्र होतं. त्याच्या मातीच्या इमारतींना २०२३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

नडेलबद्दल अजून एक. त्याला अंगावर काटा आणणाऱ्या चौकटीच तेवढ्या दिसल्या असं नाही. खाटेवर बसून घरी पत्र लिहिणारा, नवा शर्ट घालून आरशात बघणारा, छावणीच्या दाराशी गिटार वाजवणारा, हेही त्याच्या शेकडो फोटोंत आहेत. म्हातारपणी बोलताना अनेकांनी अभिमानानंही सांगितलं आहे, की त्या पैशांतून विहीर झाली, घरावर कौलं चढली, शिलाई मशीन आलं. हे खोटं मानायचं कारण नाही. माणसं पुन्हा पुन्हा गेली ती काही वेडी होती म्हणून नव्हे. गावात तेवढे पैसे कुठेच नव्हते.

कामाचं बोलायचं तर लेट्यूस आणि शुगरबीटची विरळणी हे सगळ्यात जीवघेणं. आखूड दांड्याची कुदळी, स्पॅनिशमध्ये ‘एल कोर्तितो’. दांडा जेमतेम फूट-सव्वा फूट. तिच्यानं काम करायचं तर कमरेतून दुमडूनच चालावं लागतं, दिवसाचे दहा तास. मालकांचं म्हणणं, की लांब दांड्यानं रोपं दुखावतात. मजुरांना खरं कारण ठाऊक होतं. शेताच्या कडेला उभ्या असलेल्या मुकादमाला कुणाची पाठ सरळ झाली हे लांबून दिसतं. कोवळ्या वयात मणके झिजलेल्या माणसांच्या साक्षी गोळा करून कॅलिफोर्नियातल्या गरिबांसाठी काम करणाऱ्या वकिलांनी ही कुदळी १९७५ मध्ये बंद करवली. ब्रासेरो कार्यक्रम संपून तोवर दहा वर्षं झाली होती. आणि लांब दांड्यानं लेट्यूसचं काहीही बिघडलं नाही.

छावणीत जेवणाचे पैसे कापले जात, दिवसाला पावणेदोन डॉलरपर्यंत. काम असो नसो, ताट चालू. पन्नासच्या दशकात मजुरी तासाला ५० सेंटच्या आसपास होती. पाऊस लागला की आठवड्याच्या शेवटी हातात पडणारी रक्कम फार बारीक होई. पाऊण दिवसांची हमी होती, पण ती मोजायची कराराच्या शेवटी, आणि मोजणारा मालक. तक्रार करायची मेक्सिकन वकिलातीकडे, जी शंभर-दोनशे मैलांवर. शिवाय तक्रार करणाऱ्याचा करार पुढे वाढत नसे.

हे सगळं पहिल्यांदा नीट लिहून काढलं एर्नेस्तो गालार्सा यांनी. नायारीत प्रांतातल्या डोंगरी खेड्यात जन्मलेला हा मुलगा क्रांतीच्या धामधुमीत आईबरोबर सॅक्रामेंटोला आला, शेतात राबला आणि शिकत शिकत थेट कोलंबिया विद्यापीठाच्या डॉक्टरेटपर्यंत गेला. मग प्राध्यापकी न करता शेतमजुरांच्या संघटनेत उतरला. १९५६ मध्ये छावण्यांतून हिंडून, मजुरांच्या पगारचिठ्ठ्या आणि करार समोरासमोर ठेवून त्यांनी ‘स्ट्रेंजर्स इन अवर फील्ड्स’ ही पुस्तिका काढली. करारातलं एकेक कलम घ्यायचं आणि त्याखाली शेतात काय चाललंय ते मांडायचं, एवढीच पद्धत. शेतमालकांच्या संघांनी प्रचंड गदारोळ केला, आणि त्या गदारोळानंच पुस्तिका खपली.

गालार्सांना अजून एक दिसलं, ते म्हणजे ब्रासेरोंमुळे अमेरिकी मजुरांचं काय होतं. कुठेही संप झाला की मालक ‘मजुरांची टंचाई’ जाहीर करी आणि सरकार बस भरून ब्रासेरो पाठवी. करारात लिहिलं होतं, की स्थानिकांना हटवायला त्यांना वापरू नये. टंचाई आहे की नाही ते ठरवत मालकच. संघटक सेसार चावेस १९५८-५९ मध्ये ऑक्सनार्डला हेच लढत होते: स्थानिक मजूर रोज पहाटे रांगेत उभा राहतो, त्याला काम नाही म्हणतात, आणि शेजारून ब्रासेरोंचा ट्रक जातो. मेक्सिकन वंशाचा नेता मेक्सिकन मजुरांविरुद्ध उभा आहे असं तेव्हाही काहींना वाटलं, आजही वाटतं. मला तो आक्षेप उथळ वाटतो. ज्याला काम सोडता येत नाही असा माणूस शेजारी उभा केला, की ज्याला सोडता येतं त्याचाही भाव पडतो.

१७ सप्टेंबर १९६३ ची संध्याकाळ. सलिनास खोऱ्यात चुआलार गावाजवळ कामावरून परतणारा एक ट्रक रेल्वेच्या रुळांवर चढला. मालवाहू ट्रकलाच वर छत आणि आत दोन लांब बाकडी टाकून त्याची बस केलेली. पन्नासाहून जास्त माणसं, बाकांखाली भाजी कापायचे लांब सुरे. सदर्न पॅसिफिकची मालगाडी त्यावर आदळली. ३२ जण गेले. चालकावर खटला झाला, तो सुटला. संसदेच्या शिक्षण व कामगार समितीनं चौकशी नेमली ती गालार्सांकडेच. कोण कोण होतं ट्रकमध्ये, हा पहिला प्रश्नच सुटेना, कारण मुकादमांना माणसं टोपणनावांनी आणि आकड्यांनी माहीत होती. महामार्ग १०१ च्या त्या टप्प्याला आता ब्रासेरोंचं नाव दिलं आहे. ते द्यायला पन्नास वर्षं लागली.

याच्या पंधरा वर्षं आधीचा एक अपघात अमेरिकेत जास्त लोकांना माहीत आहे, तो एका गाण्यामुळे. २८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉस गातोस दरीत विमान कोसळून ३२ जण मेले. त्यांतले २८ मेक्सिकन मजूर परत पाठवले जात होते. काहींचा करार संपलेला, काही विनाकागद. बातम्यांत वैमानिक आणि कर्मचाऱ्यांची नावं आली, मजुरांची आली नाहीत. लोकगायक वुडी गथ्रीनं त्यावर गाणं लिहिलं. फ्रेझ्नोच्या दफनभूमीत त्या २८ जणांची नावं दगडावर कोरली गेली ती २०१३ मध्ये.

कार्यक्रम बंद पडायला संसदेतला बदलता वारा, चर्च आणि कामगार संघटनांचा रेटा, दूरचित्रवाणीवर दिसलेलं शेतमजुरांचं जिणं, अशी बरीच कारणं जमली. मालकांनी भाकीत केलं, की आता टोमॅटो शेतातच सडणार. कामगारमंत्री विलर्ड विर्ट्झ यांना १९६५ च्या उन्हाळ्यात एक कल्पना सुचली. हायस्कूलमधल्या खेळाडू पोरांना शेतावर पाठवू. वीस हजार धट्टीकट्टी पोरं मागवली, गाजावाजा केला. प्रत्यक्ष शेतापर्यंत तीनेक हजार पोहोचली, आणि त्यांतलीही अनेक छावणीचं घर, तिथलं जेवण आणि खरबुजाच्या शेतातलं ऊन बघून महिन्याभरात पळाली. काहींनी तर संप केला. ती फुटबॉल खेळणारी पोरं घरी जाऊ शकत होती, आणि गेली.

टोमॅटो सडले नाहीत. डेव्हिसच्या विद्यापीठात कोबी लॉरेन्झन यांचं काढणीयंत्र आणि जॅक हॅना यांचा जाड सालीचा टोमॅटो तयारच होता. चार-पाच वर्षांत कॅलिफोर्नियातला सॉसचा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्रानं निघू लागला. २०१८ मध्ये मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी जुने आकडे तपासून दाखवलं, की ब्रासेरो गेल्यानं स्थानिकांची मजुरी वाढल्याचं दिसत नाही. मालकांनी यंत्रं आणली किंवा पिकं बदलली. गालार्सा-चावेस यांच्या हिशेबाला हा निष्कर्ष अडचणीचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. तरी एक पाहावं लागतं. कार्यक्रम बंद झाल्यावर नवव्या महिन्यात, सप्टेंबर १९६५ मध्ये, डेलानोला आधी लॅरी इटलिआँगचे फिलिपिनो आणि मागोमाग चावेस यांचे मेक्सिकन-अमेरिकन मजूर द्राक्षांच्या मळ्यातून बाहेर पडले. तो संप पाच वर्षं टिकला आणि करारांवर सह्या घेऊनच थांबला. ब्रासेरोंचे ट्रक चालू असताना असा संप टिकला नव्हता.

आता पैशांची गोष्ट. १९४२ पासून १९४९ पर्यंत प्रत्येक ब्रासेरोच्या मजुरीतून १० टक्के कापले जात. हेतू चांगला सांगितला होता: गावी परत गेल्यावर अवजारं घ्यायला गाठीशी रक्कम असावी. पैसे वेल्स फार्गो आणि युनियन ट्रस्ट या बँकांतून मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेकडे, तिथून कृषी पतपुरवठा बँकेकडे जायचे. पुढे? असंख्य मजुरांना त्यातलं काहीही मिळालं नाही. कित्येकांना अशी कपात होते हेच माहीत नव्हतं. मरायला टेकल्यावर नातवंडांनी जुने कागद वाचून सांगितलं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाअखेर वर आली. सत्तरी-ऐंशीतली माणसं मेक्सिकोत मोर्चे काढू लागली, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिसेंते फॉक्स यांच्या घरच्या वाड्यात घुसली. २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात दावा लागला. शेवटी २००५ मध्ये मेक्सिको सरकारनं प्रत्येकी ३८,००० पेसो एकरकमी द्यायचं कबूल केलं, म्हणजे तेव्हाचे साडेतीन हजार डॉलर, ‘सामाजिक मदत’ म्हणून. देणं होतं हे मान्य करायचं नव्हतं. त्यासाठी मूळ कागद दाखवा. साठ वर्षांपूर्वीचा करार, ओळखपत्र किंवा पगारचिठ्ठी. ज्यांनी ते ट्रंकेत जपलं त्यांना मिळण्याची आशा. ज्यांचं घर पुरात गेलं, कागद वाळवीनं खाल्ले, त्यांनी काय दाखवायचं? तळवे?

ब्रासेरो कार्यक्रम गेला तरी पाहुणा मजूर गेला नाही. १९५२ च्या स्थलांतर कायद्यात तात्पुरत्या कामगारांसाठी ‘एच’ नावाचा वर्ग होता: विशेष गुणवत्तेचे एच-१, बाकीचे एच-२. १९८६ मध्ये एच-२ मधून शेतीसाठी एच-२ए वेगळा काढला. १९९० मध्ये एच-१ मधून एच-१बी निघाला. पुण्या-ठाण्याच्या हजारो घरांत हा दुसरा शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेला आहे. पहिला कुणी ऐकलेला नसतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले-केरी भागात मराठी अभियंत्यांची मोठी वस्ती आहे. तिथून तासाभराच्या अंतरावर रताळी आणि तंबाखूच्या शेतांत एच-२ए वाले राबतात. अमेरिकेत सगळ्यात जास्त रताळी पिकतात ती याच राज्यात.

दोन्ही व्हिसा मालकाच्या नावावर. एच-१बीवाल्याचीही त्यामुळे तारांबळ उडते, नोकरी गेली की ६० दिवसांचं घड्याळ सुरू होतं, हे आपण घरोघरी ऐकतो. पण २००० च्या कायद्यानं त्याला नव्या मालकाचा अर्ज दाखल होताच तिकडे रुजू होण्याची सोय दिली, आणि ग्रीन कार्डाची रांग कितीही लांब असो, रांग आहे. एच-२एवाल्याला जानेवारी २०२५ पर्यंत ही सोय नव्हती, आणि रांग तर आजही नाही. दुसऱ्या शेतमालकाकडे आधीच मंजूर झालेली जागा असली तर जाता येतं, म्हणजे बहुधा येतच नाही. वीस हंगाम काम करूनही त्या व्हिसावरून कायमच्या वास्तव्याकडे जाणारी वाट निघत नाही. स्थलांतरित शेतमजुरांना संरक्षण देणारा १९८३ चा केंद्रीय कायदा आहे, त्यातूनही एच-२ए वगळलेला.

बाकी करार ओळखीचा वाटेल. फुकट घर, प्रवासखर्च, स्थानिकांना मजुरी पडू नये म्हणून सरकारनं ठरवलेला दर, आणि मुदतीच्या पाऊण दिवसांच्या कामाची हमी. १९४२ चं ते कलम जवळजवळ तसंच. २००५ च्या सुमारास वर्षाला पन्नासेक हजार जागा मंजूर होत. २०२३ मध्ये तीन लाखांहून जास्त एच-२ए व्हिसा दिले गेले, त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक मेक्सिकनांना. बहुतेकांचा शिक्का मॉंतेरेच्या वकिलातीत बसतो.

भरतीसाठी मजुराकडून पैसे घेणं बेकायदा आहे. मजुरांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या मेक्सिकोतल्या एका संस्थेनं २०२० मध्ये शंभर एच-२ए मजुरांशी बोलून अहवाल काढला. चौघांतल्या एकानं गावच्या दलालाला पैसे दिलेले होते. कर्ज काढून दिलेले. कर्ज डोक्यावर असताना माणूस मुकादमाशी भांडत नाही. जॉर्जियात नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारनं २४ जणांवर आरोपपत्र ठेवलं, तपासाचं नाव ‘ब्लूमिंग अनियन’. आरोपांनुसार मजुरांचे पासपोर्ट काढून घेतलेले, तारेच्या कुंपणात ठेवलेलं, नुसत्या हातांनी कांदे उपटायला लावलेलं, बादलीला २० सेंट दरानं. दोघे उन्हानं मेले. हे मजूर अंधारातून सीमा ओलांडून आले नव्हते. प्रत्येकाच्या पासपोर्टवर अमेरिकेचा रीतसर व्हिसा होता.

असं सगळीकडे चालतं असं म्हणणं खोटं होईल. अनेक शेतकरी दर वर्षी त्याच माणसांना बोलावतात, घरं नीट ठेवतात, दर पूर्ण देतात. पण नीट वागणं ही मालकाची मर्जी राहते. कामगार खात्याचा तपासनीस वर्षभरात शंभरातल्या एका शेतावरही जात नाही.

मर्जीवर न सोपवता काय करता येतं याचं एक उदाहरण नॉर्थ कॅरोलायनात आहे. तिथे शेतमालकांचा मोठा संघ हजारो एच-२ए मजूर आणतो. नव्वदच्या दशकात त्याच्याकडे ‘पुन्हा घेऊ नये’ अशा हजाराहून जास्त नावांची यादी होती. आजारी पडला, वकिलाशी बोलला, काम अर्धवट सोडलं, की नाव यादीत. बाल्देमार वेलास्केस यांच्या शेतमजूर संघटनेनं तिथल्या लोणच्याच्या एका मोठ्या कंपनीवर पाच वर्षं बहिष्कार चालवला, कारण शेतमालकाला भाव देणारी ती. आणि २००४ मध्ये कंपनी, संघ आणि संघटना यांचा करार झाला. एच-२ए मजुरांचा अमेरिकेतला पहिला सामूहिक करार. त्यात मजुरीपेक्षा मोलाचं एक कलम आहे: मागच्या हंगामात आलेल्याला सेवाज्येष्ठतेनं पुढच्या हंगामाला बोलावायचं, आणि काढायचं तर कारण द्यायचं. मालक बदलता येत नव्हताच, पण मालकालाही आता मजूर मनाला येईल तसा बदलता येईना. गावातल्या दलालांचा धंदा तुटू लागला. संघटनेनं मॉंतेरेत कार्यालय उघडलं होतं. एप्रिल २००७ मध्ये तिथल्या तरुण कार्यकर्त्याचा कार्यालयातच हातपाय बांधून खून झाला.

आता भांडण दराचं आहे. सरकारनं ठरवलेला दर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात तासाला १९.७५ डॉलर, नॉर्थ कॅरोलायनात १५.८१ होता. शेतमालक म्हणतात, या दरानं मेक्सिकोतून येणाऱ्या आयात भाजीशी टक्कर देता येत नाही. ती भाजी पिकवणारेही मेक्सिकनच मजूर, दर त्याच्या कितीतरी खाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कामगार खात्यानं दर ठरवायचं सूत्र बदललं. नव्या सूत्रात मजुरांचे कुशल-अकुशल असे थर पाडले आहेत, आणि एच-२ए मजुराला घर फुकट मिळतं म्हणून त्याचा तासाचा दर तेवढा कमी धरायची मुभा आहे. १९४२ पासून फुकट असलेल्या त्या खाटेचं भाडं आता असं वसूल होणार. चावेस यांनी उभी केलेली युनायटेड फार्म वर्कर्स त्याविरुद्ध कोर्टात गेली आहे. रताळ्याच्या लागवडीसाठी पहिल्या बसेस मॉंतेरेहून निघतात त्या वसंतात, निकाल लागो न लागो.